खुर्चीवर न टिकणारी बाई

माझी आत्या आयुष्यात कधी नीट बसली असेल तर ती फक्त दाताच्या डॉक्टरकडे, आणि तिथंही त्यांनी तिला बजावलं होतं की बाई, तोंड माझ्याकडे राहू द्या आणि पाय खुर्चीवर. आमच्या घरी आली की ती ओट्याला टेकून, हातात बशी धरून उभ्यानंच खायची. आई म्हणायची, "वन्सं, टेका की जरा." आत्या "हो हो" म्हणत खिडकीशी जायची, खिडकीतून दाराशी, आणि बोलता बोलता बशी फ्रिजवर विसरून निघूनही जायची. आम्ही "अहो, चहा!" म्हणेपर्यंत खाली फाटक वाजलेलं असायचं.

बॅडमिंटनमधली माणसं तिला वेगळ्या कारणासाठी ओळखतात. काही वर्षं ती देशाची विजेती होती. पुढे तिनं शिकवलेली पोरं जिंकली, आणि त्या पोरांनी पुढे आपापली पोरं शिकवली. आज कितीतरी हॉलमध्ये प्रशिक्षक चूक सांगायच्या आधी खेळाडूला विचारतो, "काय झालं असं तुला वाटतं?" हे विचारणं आमच्या आत्यापासून सुरू झालं. पण तिथवर पोचायला तिला स्वतःशी जी झटापट करावी लागली ती फार थोड्यांना ठाऊक आहे. मला ठाऊक आहे, कारण मी तिच्या हाताखाली खेळले, खेळाडू काही झाले नाही, आणि त्यामुळे बघायला भरपूर वेळ मिळाला.

माझे आजोबा वायरमन. घरात दोन मुलं, माझे बाबा आणि त्यांच्या पाठची ही. बाबा एका कोपऱ्यात बसून जुनं होल्डर खोलायचे, जोडायचे. हिला मात्र ठेवावं कुठे हाच आजीपुढे प्रश्न. कपाटावर चढ, गॅलरीच्या कठड्यावरून चाल, शेजाऱ्यांच्या सायकलची हवा सोडून बघ. एक दिवस आजीनं निकराचं सांगितलं, "या कार्टीला कामावर घेऊन जा, नाहीतर ही राहू दे घरात आणि मी जाते."

आजोबांकडे एका क्लबच्या दिव्यांचं काम होतं. हॉलमधले दिवे खेळणाऱ्यांच्या डोळ्यांवर यायचे, वर गेलेलं शटल त्या उजेडात दिसेनासं व्हायचं, म्हणून ते बाजूला सरकवायचे होते. आजोबा शिडीवर, आत्या खाली शिडी धरायला. तिनं शिडी धरली ती पहिला पॉइंट संपेपर्यंत. मग कोर्टाबाहेर पडणाऱ्या प्रत्येक शटलमागे पळायला लागली, आणि थोड्या वेळानं ते जमिनीला लागायच्या आत झेलायला लागली. तिथं संध्याकाळी नोकरीवरून येऊन मुलांना शिकवणारे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी हातातलं काम थांबवून तिच्याकडे पाहिलं.

"पोरगी कुणाची?"

"माझीच," वरून आजोबा म्हणाले. "काय करू मास्तर, हिला बंद करायचं बटण बसवायचं राहून गेलंय."

"बटण नकोच बसवू," मास्तर म्हणाले. "वायर जळणार नाही एवढं आपण बघू." आणि त्यांनी तिच्या हातात एक जुनी रॅकेट दिली.

शटल खाली यायची वाट बघणं म्हणजे आत्याच्या मते निव्वळ आळस. ते वर असतानाच ती पुढे झेपावायची आणि टोलवून मोकळी व्हायची. समोरच्या मुलीला श्वास घ्यायची फुरसत नसायची. अंपायरनं गुण पुकारायच्या आत ही सर्व्हिसच्या जागेवर उभी. वर्तमानपत्रवाल्यांनी तिचं नाव 'भिंगरी' पाडलं आणि ते चिकटलं. ती आधी शहराची, मग राज्याची, मग देशाची विजेती झाली. घरात कप ठेवायला जागा उरेना तेव्हा आजीनं एका कपात कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवले, दुसऱ्यात सुटे स्क्रू. आजोबा ते मुद्दाम पाहुण्यांना दाखवत.

मग परदेशातली ती स्पर्धा आली, जी जिंकायचं स्वप्न मास्तरांनीही मोठ्यानं कधी बोलून दाखवलं नव्हतं. उपांत्य सामना. आत्या पुढे होती. मागच्या डाव्या कोपऱ्यात पडणाऱ्या शटलसाठी ती वळली आणि टाचेवर मागून कुणीतरी रॅकेट हाणली. हाडावर हाणावी तशी, आवाजासकट. तिनं रागानं मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. जाळीपलीकडची मुलगी तोंडावर हात ठेवून उभी होती. आत्यानं पाऊल उचललं आणि ते पाऊल तिचं नव्हतंच. टाचेवरची शीर तुटली होती.

ऑपरेशन झालं. प्लास्टर चढलं. त्या काळात ती आमच्याकडे होती आणि घरातल्या सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते. पलंगावर पडल्या पडल्या ती समोरच्या भिंतीवर शटल मारत राहायची. भिंतीच्या रंगाचे पोपडे निघाले. आजीनं शटल लपवली तर मोज्यांचा गोळा करून मारायला लागली. कुबड्या मिळाल्या त्या दिवसापासून ती हॉस्पिटलखालच्या औषधाच्या दुकानात जाऊन भांडायला लागली की तुमच्या गोळ्यांनी झोप येते, झोप न येणाऱ्या द्या. दुकानातला फार्मासिस्ट तिचं सगळं ऐकून घ्यायचा आणि त्याच गोळ्या पुन्हा द्यायचा. तेच आमचे काका. पुढे ते सांगत, "मला शांत बायको हवी होती. ही कुबड्यांवर असल्यामुळे माझी फसगत झाली."

पाय बरा झाला. डॉक्टर म्हणाले, उत्तम जुळलंय. पण पूर्वी पाय न विचारता पळायचा, आता पळायच्या आधी तो तिला विचारायचा. तेवढ्यात शटल पडलेलं असायचं. परतल्यानंतरच्या पहिल्याच स्पर्धेत एका शाळकरी मुलीनं तिला सरळ हरवलं. आत्या हसत हात मिळवून बाहेर आली, रॅकेटची पिशवी क्लबमधल्या पोरांना देऊन टाकली आणि घरी येऊन फेऱ्या मारायला लागली. स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर. तोवर दोघांचं लग्न झालं होतं. काका दुकानातून यायचे, ती चालत असायची. जेवून पुस्तक उघडायचे, ती चालत असायची.

शेवटी मार्ग काढला माझ्या बाबांनी. ते आजोबांच्याच धंद्यात होते. एका रिकाम्या पडलेल्या कागदाच्या गोदामाचं वायरिंग त्यांनी केलं होतं आणि मालकाला ते कुणी वापरलं तर हवंच होतं. बाबा बहिणीला म्हणाले, "तिथं जाऊन फेऱ्या मार. दोन कोर्टं बसतील, पोरं शिकव. जावईबापूंची फरशी तरी वाचेल."

गोदामात कागदाचा आणि उंदरांचा वास होता. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे छत. लोखंडी तुळया इतक्या खाली होत्या की शटल जरा उंच मारलं की ठाणकन आपटून खाली. बॅडमिंटनमध्ये उंच टोला म्हणजे दम घ्यायची सोय. अडचणीत सापडलात की शटल आभाळात पाठवायचं आणि ते येईपर्यंत जागेवर परत यायचं. आमच्या गोदामात आभाळच नव्हतं. त्यामुळे तिथं शिकलेली पोरं शटल जाळीला घासून, आडवं, सुसाट मारायला शिकली. मोठ्या हॉलमधली मुलं समोर आली की गांगरून जायची. "गोदामवाले आले," असं स्पर्धेत कुजबुजलं जायला लागलं. आत्याची पोरं जिंकू लागली.

आणि इथंच खरी गंमत सुरू झाली. सामन्यात कोर्टामागे प्रशिक्षकासाठी खुर्ची असते. मधल्या विश्रांतीत त्यानं खेळाडूशी बोलायचं, खेळ चालू असताना गप्प बसायचं, असा नियम. आत्याला बसणंच माहीत नाही, गप्प बसणं तर दूरच. ती अर्धी खुर्चीवर, अर्धी हवेत. कान ओढला की जाळीजवळ टाक, गुडघ्यावर थाप मारली की अंगावर मार. खुणा कमी पडल्या की तोंड. पोरं प्रत्येक गुणानंतर मान वळवून तिच्याकडे बघायची. दुसऱ्या एका क्लबचे प्रशिक्षक होते, उन्हातही आणि छताखालीही टोपी घालणारे. सगळे त्यांना टोपीवाला म्हणायचे. ते एकदा सर्वांदेखत म्हणाले, "ताई, तुमच्या पोरांच्या मानेला व्यायाम छान होतो हो."

"मान वळवतात, पण कप नेतात," आत्या म्हणाली.

"नेतात ना. पण कप कुणाचा? उंटावरून शेळ्या हाकणारे पाहिले होते, खुर्चीवरून हाकणारं पहिल्यांदाच बघतोय."

आत्या घरी येऊन तासभर टोपीवाल्याचा उद्धार करत होती. काका म्हणाले, "त्याचं चुकलंच. तू खुर्चीवर असतेस कुठे?"

त्याच सुमाराला गोगलगाय आली. तिच्या आईचं इस्त्रीचं दुकान होतं. इस्त्री तापेपर्यंत थांबायचं, पाणी शिंपडून थांबायचं, घडी घालायची. हे सगळं लहानपणापासून बघितल्यामुळे असेल, पण त्या मुलीला घाई म्हणून नव्हती. नाव गोदामातल्या पोरांनी ठेवलं आणि तिनं ते हसून घेतलं. पहिल्या दिवशी आत्या तिला शटलमागून शटल टाकत होती आणि ती रॅकेट खाली धरून उभी.

"खेळत का नाहीस?" आत्या ओरडली.

"बघतेय."

"काय बघतेयस?"

"तुम्ही कुठे टाकता ते."

आत्याच्या हातापायाला मुंग्या आल्या. पण तिला माणूस कळत नव्हता असं नाही. गोगलगाय नि पोटात पाय, हे तिनं आठवड्याभरात ओळखलं. त्या मुलीनं तुळईखालून, बोटभर अंतर राखून उंच टोला मारायला स्वतःच शिकून घेतलं होतं. शटल तुळईला लागायचं नाही आणि समोरच्याला पोचायचंही नाही. असं त्या गोदामात कुणालाच जमलं नव्हतं, आत्यालाही नाही.

पुढची काही वर्षं त्या दोघींची म्हणजे बघण्यासारखी ओढाताण होती. आत्या तिला पुढे ढकलायची, ती मागे राहायची. आत्या म्हणायची मार, ती शटल वर पाठवायची. जिंकली तरी आत्या धुमसत असायची: "हे पंधरा मिनिटांत संपलं असतं!" गोगलगाय पाणी पीत म्हणायची, "मग उरलेला वेळ काय केलं असतं ताई?" पण सामन्यात मात्र मुलगी आज्ञाधारक. खुर्चीवरून जे येईल ते करायची आणि करताना तिच्या खांद्यात एक ताठरपणा यायचा. तो मला बाहेरून दिसायचा. आत्याला दिसत नव्हता.

ती देशाच्या अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात पोचली, समोर आदल्या वर्षीची विजेती. आत्याला सकाळपासून अन्न गेलं नव्हतं. पहिला गेम गेला. दुसऱ्यात बरोबरी चालली होती. आत्याला अंपायरनं एकदा समज दिली, मग रेफरीनं येऊन दुसऱ्यांदा. ती "सॉरी, सॉरी" म्हणून बसली. पुढच्याच पॉइंटला शटल हवेत असताना उभी राहून ओरडली, "मागे! अगं मागे टाक!"

खेळ थांबला. रेफरी पुन्हा आले. "बाई, आता बाहेर."

"पण मी काय..."

"बाहेर."

आख्ख्या स्टेडियमसमोर आत्या चालत बाहेर गेली. मी तिच्या मागे. बाहेर लांब बोळ होता, भिंतीला लावून घडीच्या खुर्च्या रचलेल्या, एक गळका पाण्याचा कूलर. दाराच्या काचेला आतून कागद चिकटवलेला, त्यामुळे दिसत काही नव्हतं, फक्त ऐकू यायचं. बुटांचे रबरी आवाज, शटलचे टोले, मधेच टाळ्या. आत्या त्या बोळात पिंजऱ्यातल्या वाघिणीसारखी फिरत होती.

"एवढा लांब पॉइंट? काय करतेय ही? मार ना, मार ना गं!" ती भिंतीशी बोलत होती. मग थांबून कान लावायची. "हे आपलं. हा टोला आपला. उंच गेला. परत उंच. देवा, ही झोपली की काय?"

दारावरचा रखवालदार कळवळून म्हणाला, "बाई, बसा जरा. खुर्च्या आहेत."

"तुम्ही बसा!" आत्या म्हणाली. बिचारा खरंच बसला.

दुसरा गेम कुणी घेतला ते टाळ्यांवरून कळेना; खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा कळलं, आपण घेतला. तिसरा तर संपेचना. आत्यानं ओढणीचं टोक चावून चावून ओलं केलं होतं. मग एकदम आत गलका झाला, दार उघडलं आणि गोगलगाय बाहेर आली. घामानं निथळत होती. मागून माणसं तिच्या पाठीवर थापा मारत होती. ती जिंकली होती.

आत्यानं तिला घट्ट मिठी मारली. दोघी रडल्या. मग मुलगी हळूच म्हणाली, "ताई, आज मधेमधे काही ऐकू येत नव्हतं."

"गर्दी केवढी होती!"

"गर्दीचं नाही म्हणत," ती म्हणाली. "बरं वाटलं."

आत्या हसली, पण ते हसू अर्ध्यावर राहिलं.

पुढच्या आठवड्यात गोदामात सराव संपल्यावर गोगलगायीनं विषय काढला. ती टॉवेलची घडी घालत होती. "ताई, यापुढे तुम्ही मॅचला खुर्चीवर नका बसू."

"म्हणजे मी नको?"

"तुम्ही हव्यात. सकाळी हव्यात, संध्याकाळी हव्यात. मॅचला नको. मी काय करायचं ते ठरवते, तोवर तुम्ही ठरवून टाकलेलं असतं. मग माझं मलाच सापडत नाही."

"मी नसते तर तू अजून इस्त्री तापायची वाट बघत असतीस!"

 मुलीनं घडी पूर्ण केली, पिशवीत ठेवली. "ते खरं आहे," ती म्हणाली.

"दार उघडंच आहे," आत्या म्हणाली. "जायचं तर जा."

ती गेली. महिन्याभरात कळलं की ती टोपीवाल्याकडे सराव करते.

त्यानंतर आत्याचा जीव कशातच रमेना. नव्या पोरांवर डाफरायची, मग त्यांनाच खाऊ आणून द्यायची. वर्तमानपत्रात टोपीवाल्याशेजारी गोगलगायीचा फोटो आला की पान उलटायची, पुन्हा उघडायची. रविवारी दुपारी काका पंख्याखाली आडवे झाले होते आणि ती त्यांच्या उशापासून पायथ्यापर्यंत ये-जा करत होती.

"कृतघ्न आहे. सगळं मी दिलं तिला."

काका डोळे मिटूनच म्हणाले, "मीही लोकांना गोळ्या देतो. दिवसातून दोनदा, जेवणानंतर. सांगतो आणि सोडून देतो. त्यांच्या मागोमाग घरी जात नाही."

"आणि त्यांनी घेतल्याच नाहीत तर?"

"तर नाही घेतल्या. पण मी प्रत्येकाच्या घरी गेलो तर दुकान कोण बघणार?"

ती चिडून घराबाहेर पडली आणि चालता चालता मास्तरांच्या दारात पोचली. मास्तर आता थकले होते, सुनेकडे राहायचे, ऐकू कमी यायचं. आत्यानं सगळी हकिगत त्यांच्या कानाशी ओरडून सांगितली, इतक्या मोठ्यानं की सून दोनदा डोकावून गेली. शेवटी तिनं विचारलं, "मास्तर, माझ्या सामन्यांना तुम्ही गप्प कसे बसायचा? कसं जमायचं तुम्हाला?"

"मी कुठे बसायचो?" मास्तर म्हणाले. "मी बाहेर असायचो. मला बघवायचंच नाही.  कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा प्यायचो आणि टाळ्या ऐकू आल्या की परत यायचो."

आत्या म्हणाली, "पण मला वाटायचं तुम्ही मागे आहात."

"वाटू दिलं. तू कधी वळून बघितलंस का?"

तिनं कधीच बघितलं नव्हतं. मास्तर खोकत हसले. "बघितलं असतंस तर पंचाईत होती. मागे कुणी नाही बघून घाबरली असतीस."

हे ऐकून ती एका रात्रीत बदलली असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. तिनं आधी गोदामात नियम काढला की खेळ संपल्यावर पहिलं तोंड खेळाडूनं उघडायचं. पोरं गप्प. तिच्याकडे टकामका बघायची. आत्या ओठ दाबून येरझाऱ्या घालायची. एकदा तर तिनं आपलंच बोलणं अडवायला शिट्टी तोंडात धरली आणि न राहवून ती फुंकली. सगळी पोरं दचकली. सामन्यांच्या वेळी ती स्टेडियमला बाहेरून प्रदक्षिणा घालायची, पाऊस असो की ऊन. पहिल्या हंगामात गोदामवाले पडले, एकजात पडले. मान वळवून बघायचे आणि खुर्ची रिकामी.

पालक तणतणत आले. एका मुलाचे वडील म्हणाले, "ताई, तुम्ही हल्ली काही सांगतच नाही म्हणे. मग हा शिकतो काय?"

"त्यालाच विचारा."

"तो घुमा आहे. घरी दोन शब्द बोलत नाही."

"खेळाबद्दल विचारून बघा. आणि मधे बोलू नका. मला फार जड जातं, तुम्हालाही जाईल."

ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. दारातच उभे राहिले, थोडे ओशाळलेले. म्हणाले, "घरी पोचेपर्यंत बोलत होता. याला एवढं बोलता येतं हे आम्हाला माहीतच नव्हतं."

हळूहळू पोरं सावरली. तिसऱ्या हंगामात जिंकायलाही लागली, आणि पूर्वीसारखी सगळी एका साच्यातली नाही. कुणी धीमं, कुणी तिखट, एक तर चक्क फसवण्यात पटाईत. टोपीवाला एक दिवस येऊन मागच्या बाकावर बसला, सगळा सराव बघून गेला आणि पुढच्या महिन्यात त्याच्या हॉलमध्येही "आधी तू सांग" सुरू झालं. आत्याला कळलं तेव्हा म्हणाली, "चोर लेकाचा." आणि दिवसभर खूश होती. तिच्याकडची मोठी पोरं दुसऱ्या शहरांत शिकवायला गेली, तीही तसंच शिकवू लागली.

मग तिला देशाच्या संघाची प्रशिक्षक नेमलं. सराव शिबिरात पहिल्या सकाळी गोगलगाय समोर. मधली वर्षं दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

"कशी आहेस?" आत्या म्हणाली.

"बरी आहे. तुम्ही?"

"मी कधी बरी असते?"

मुलगी हसली. मग आत्यानं एका दमात म्हणून टाकलं, "इस्त्रीचं मी बोलायला नको होतं. तुझ्या आईला मध्ये आणलं. चुकलं माझं."

"आई म्हणाली होती, बाईंना म्हणावं इस्त्री तापल्याशिवाय घडी बसत नाही," गोगलगाय म्हणाली. "तेव्हा निरोप द्यायचा राहिला." आणि रॅकेट उचलून सरावाला गेली.

मोठ्या स्पर्धेत, जिथं आत्याची शीर तुटली होती त्याच स्पर्धेत, गोगलगाय उपांत्यपूर्व फेरीत पोचली. आदल्या दिवशी आत्यानं विचारलं, "मी बाहेर थांबू ना?"

मुलीनं विचार केला. तिच्या सवयीप्रमाणे बराच वेळ. "नको. बसा खुर्चीवर. पण नुसत्या बसा."

आत्या बसली. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. मी ते टीव्हीवर पाहिलं. कॅमेरा मधेच तिच्यावर यायचा आणि तिचा चेहरा बघून काका म्हणायचे, "हिला कुणी पाणी द्या रे." तिसऱ्या गेममध्ये समोरची खेळाडू उजवीकडे पाऊलभर लवकर सरकायला लागली होती. आत्याला ते दिसलं. डावा कोपरा उघडा पडत होता. पुन्हा. पुन्हा. विश्रांतीत मुलगी आली. आत्यानं फक्त विचारलं, "काय दिसतंय?" गोगलगाय म्हणाली, "ती दमलीय. मी लांबवते." पाणी प्यायली आणि गेली. आत्यानं काही म्हटलं नाही. शेवटी दोन गुणांनी सामना गेला.

आत्या परत आली आणि आठवडाभर झोपली नाही. "सांगायला हवं होतं का?" ती मला विचारायची, काकांना, बाबांना, भाजीवाल्यालाही. "एक शब्द. डावीकडे. नियमातही बसत होतं. मी बोलले असते तर?"  काका सुद्धा या बाबतीत विनोद करत नव्हते. माझ्या मते तिच्या आयुष्यातली ही सगळ्यात अवघड गोष्ट होती, टाचेपेक्षा अवघड. टाच तिच्या हातात नव्हती. बोलणं होतं.

गोगलगायीला तिनं हे विचारायला कितीतरी महिने लावले. मुलगी म्हणाली, "मला डावीकडचं दिसलं होतं."

"दिसलं होतं? मग मारलं का नाहीस?"

"भीती वाटली. बाहेर गेलं तर?"

"अगं मग मला सांगायचंस ना! मी म्हटलं असतं, मार!"

"म्हणूनच नाही सांगितलं," गोगलगाय म्हणाली. "तुम्ही मार म्हटल्यावर मारलं असतं, तर भीती माझ्याजवळच राहिली असती." पुढच्या वर्षी त्याच खेळाडूला तिनं दोन सरळ गेममध्ये हरवलं, बहुतेक गुण डाव्या कोपऱ्यात. आत्या म्हणते, तरीही तो सामना गेला तो गेलाच. त्यावर दोघींचं अजून एकमत नाही.

आता गोगलगायीचा स्वतःचा हॉल आहे, छत चांगलं उंच. आत्याचे केस पांढरे झालेत, टाच थंडीत दुखते, पण सकाळी ती तिथं हजर असते. मागच्या वर्षी गोगलगायीनं लांबलांबच्या प्रशिक्षकांना बोलावून शिबिर भरवलं आणि पहिलं व्याख्यान आत्याचं ठेवलं. तरुण प्रशिक्षक ओळीनं खुर्च्यांवर, मांडीवर लॅपटॉप. आत्यानं माईक घेतला, दोन वाक्यं बोलली, माईकची वायर पायात अडकली, ती सोडवून तिनं माईकच बाजूला टाकला आणि बोलायला लागली तर मागे ऐकू जाईना.

एकानं हात वर केला. "मॅडम, खेळाडूला कधी सांगायचं आणि कधी सांगायचं नाही, हे कसं ओळखायचं?"

आत्या खुर्च्यांच्या ओळीपर्यंत जाऊन परत आली.  मग म्हणाली, "मला अजून ओळखता येत नाही. निम्म्या वेळा चुकते. तुम्हाला काय वाटतं?"

 मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मागे भिंतीला टेकून उभी असलेली गोगलगाय खाली मान घालून हसत होती.

"बरं, उठा सगळे," आत्या म्हणाली. "रॅकेटी घ्या. बसून कुणाला काही सुचतं का?"